पेशंटने हात हलवला

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून वही लिहायला घेतली. घरी बोलायला गेले की आमचे हे म्हणतात, "पुन्हा साजिया?" म्हणून इथं लिहिते. वहीला कंटाळा येत नाही.

साजिया म्हणजे आमच्या दवाखान्यात जूनमध्ये आलेली नर्स. वय अठ्ठावीस. संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात चार वर्षं काम करून आली. आमच्याकडं जालन्यात मागच्या बाजूच्या दोन खोल्या रंगवून, सहा खुर्च्या टाकून, केमोचं डे-केअर सुरू केलं आणि आमच्या डॉक्टर राजनंदिनी मॅडमनी तिला आणून बसवलं. मी अठरा वर्षं इथं आहे. बदनापूरहून रोज येते. ज्याची शीर कोणाला सापडत नाही त्याच्यासाठी अख्ख्या दवाखान्यात एकच आवाज होतो, बेबीताईला बोलवा. जुलाबानं सुकलेलं लेकरू असो की नव्वद वर्षांची म्हातारी. मी डोळ्यानं शीर बघत नाही, बोट ठेवते.

मॅडम तिला साजिया म्हणतात. मला सिस्टर म्हणतात. अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव, बेबीनंदा, मी एकदाही ऐकलं नाही. पगारपत्रकावर आहे तेवढंच.

आज ती जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोट कसं ठेवता? एकदा दाखवाल का? मला रग पटकन सापडत नाही." शिरेला ती रग म्हणते.

मी म्हटलं, "ते दाखवता येत नाही."

चार वर्षं केमो दिली म्हणते आणि शीर सापडत नाही म्हणते. मला भोळी समजते काय. माझं आहे तेवढंही तिला हवंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केशरबाईंची दुसरी केमो झाली. जाफराबादच्या पलीकडच्या खेड्यातल्या आहेत, वय छप्पन. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं डाव्या हाताला सुई लावायची नाही. सगळा भार उजव्या हातावर. नवरा बद्रीनाथ सोबत असतो. कमी बोलतो, पण बोलला की बायकोला रागावूनच.

साजियानं त्यांना लाल औषध दिलं. सरबतासारखं लाल असतं, म्हणून सगळे तसंच म्हणतात. आधी हातावर गरम टॉवेल गुंडाळून पंधरा मिनिटं बसली. मग सुई टाकली, ती चुकली. मला आतून बरं वाटलं, लपवत नाही. मला वाटलं आता खाली मनगटाजवळ टाकेल. तिनं नाही टाकली. पार वर, कोपराच्या अलीकडं दुसरीच शीर शोधत बसली. औषध देताना दोन मिली गेलं की थांबायची, उलटं ओढून रक्त येतंय का बघायची, केशरबाईंना विचारायची, "जळतंय का? ताणल्यासारखं वाटतंय का?" असं दहा वेळा. चाळीस मिनिटं झाली. मी समोरच्या पेशंटची बाटली बदलत सगळं बघत होते. एवढ्या वेळात मी सहाही खुर्च्या उरकल्या असत्या.

जाताना केशरबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मला उगीच उषाबाईवर, आमच्या आयाबाईवर, ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. फरशी ओली होती म्हणून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खुर्ची नंबर तीनचे एक गुरुजी साजियाला म्हणाले, "त्या बेबीताई न्हाईत का आज? त्यांचा हात हलका हाय." तिचं तोंड एवढंसं झालं. मला बोलवायला आली आणि मी सुई टाकेपर्यंत कोपऱ्यात उभी राहून बघत राहिली. नजर काढत नव्हती. मला वाटलं चूक शोधतेय.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तिला वाईट वाटलं असेल." हे संशोधन केंद्रात तुरीच्या जाती बघतात, माणसांची जात यांना काय कळणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमनी सांगितलं, नव्या वर्षात डे-केअरला इन्चार्ज नेमणार. "तुमच्या दोघींपैकीच कोणीतरी."

दोघींपैकी. अठरा वर्षं आणि पाच महिने एका तागडीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रमानं लिहिते.

साजियाची अर्धी रजा होती. तिची आई मेहरुन्निसा, त्यांना मोतीबिंदूच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. काल जाताना म्हणाली, "ताई, उद्या केशरबाईंची तिसरी आहे. सलाईन, उलटीचं इंजेक्शन सगळं सुरू करा. लाल औषध तेवढं मी आल्यावर देऊ. एकपर्यंत येते." माझ्यासमोर, उषाबाईसमोर, शिकाऊ मुलींसमोर. म्हणजे मला ते जमणार नाही.

साडेअकराला मॅडम ओपीडीतून डोकावल्या. "सिस्टर, तुम्ही द्याल की थांबायचं?"

मी म्हटलं, "देते."

कोपराच्या अलीकडच्या शिरा आधीच्या दोन वेळांनी कडक झालेल्या. मनगटाच्या चार बोटं वर एक सापडली. सुई टाकली, आरपार गेली. माझी सुई आरपार जात नाही. लगेच काढली, कापूस दाबला आणि खाली हाताच्या पंजावर दुसरी टाकली. एका फटक्यात. रक्त आलं, सलाईन धावलं. लाल औषध सुरू केलं तेव्हा घड्याळ बघितलं. का बघितलं ते मला माहीत आहे.

अर्धं गेलं तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "शिष्टरबाई, चटचट करून राह्यलंय."

"औषधच तसं आहे मावशी."

"मागच्या टायमाला न्हवतं झालं."

मी दाबत राहिले. शेवटी सिरिंज जड लागली, थोडा जोर दिला. बारा मिनिटांत संपलं. वर बघितलं तर बद्रीनाथ वाकून म्हणत होता, "हे काय टम्म झालं?" मनगटाच्या वर, पहिली सुई जिथं चुकली होती तिथं, लिंबाएवढी सूज आणि कातडी लालबुंद.

सलाईन बंद केलं. उषाबाईला म्हटलं, गरम पाण्याची पिशवी आण. सलाईनची सूज आली की आपण शेकच देतो, अठरा वर्षं देतेय. पिशवी हातावर ठेवणार तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, गरम नको."

साजिया पर्स खांद्यावर तशीच ठेवून धावत आली. मी सुई काढायला गेले तर म्हणाली, "सुई राहू द्या, आधी आतलं ओढू." रिकामी सिरिंज लावून हळूहळू ओढलं. थोडं लाल पाणी आलं, दीडेक मिली. मग सुई काढली. दाबलं नाही, चोळलं नाही. पेनानं सुजेभोवती रेघ काढली, बाजूला पट्टी धरून मोबाईलवर फोटो घेतला. बर्फ फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं, हात उशीवर उंच. मॅडमना फोन. या औषधावर जो उतारा असतो तो सहा तासांच्या आत शिरेतून द्यावा लागतो. तिनं संभाजीनगरला तीन ठिकाणी फोन केले, कुठंच नव्हता. शेवटी वरून लावायचं एक पातळ औषध मिळालं, ते पाच वाजेपर्यंत कोणाच्या तरी गाडीतून मागवलं.

सगळं करताना तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. फोटो मात्र तीन काढले. तिच्या मोबाईलमध्ये माझी चूक आता तारखेसकट आहे.

फाइलमध्ये नोंद मला करायची होती. मी लिहिलं, "औषध देताना पेशंटने हात हलवला. त्यामुळे सुई सरकली." सही केली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

केशरबाई ॲडमिट आहेत. सूज थोडी उतरली, लाली आहे. सकाळी वॉर्डात गेले तर बद्रीनाथ त्यांच्यावर करवादत होता. "तुला गप बसायला काय झाल्तं? येवढी औषधं वाया घातली." कोणीतरी फाइल वाचून त्याला सांगितलं असणार.

केशरबाई मला म्हणाल्या, "माझंच चुकलं शिष्टरबाई. हलला असंल हात. मला समजलंच न्हाई. तुमाला उगा तरास."

मी म्हटलं, "असू द्या मावशी." आणि बीपीचा पट्टा गुंडाळत राहिले. पट्टा गुंडाळलेलाच होता.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. जेवण गेलं नाही. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, साजिया.

३ डिसेंबर, बुधवार

साजियानं दोन पानांचा फॉर्म भरला. तिच्या जुन्या दवाखान्यात असं गळलं की भरतात म्हणे. मला वाचायला दिला. कोणतं औषध, किती, कुठं, काय उपाय केले. "कारण" या रकान्यात तिनं लिहिलंय, "मी तेव्हा हजर नव्हते. मला माहीत नाही."

केवढी हुशारी. फाइलमध्ये माझं कारण लिहिलेलं असताना "माहीत नाही" म्हणणं म्हणजे मी खोटी, असं न बोलता बोलणं. खाली तिनं लिहिलंय, "सहा खुर्च्यांना एकच नर्स होती. या औषधासाठी इतर नर्सना प्रशिक्षण दिलेलं नव्हतं." म्हणजे मी अडाणी.

मला विचारलं, "ताई, हलवला होता का त्यांनी हात?"

"हो."

तिनं मान हलवली आणि फॉर्म तसाच फायलीत लावला.

कातडीवर फोड आलेत. तीन.

६ डिसेंबर, शनिवार

केशरबाई आता माझ्याशी फार बोलत नाहीत. आधी माफी मागत होत्या, आता तेही नाही. मी पट्टी बदलते आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत बसतात. साजिया दिवसातून चार वेळा बर्फ लावायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ बसते. दोघी बोलत असतात, मी गेले की गप्प. कान भरले असणार. आणखी काय बोलणार त्या, एक कापसाच्या वावरातली आणि एक शहरातल्या बाजारगल्लीतली.

आज साजिया त्यांना पेरूच्या फोडी करून भरवत होती. मी त्यांना सात वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्याच्या वेळी सलाईन लावलं होतं. त्यांना आठवतही नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मधोमध कातडी काळी पडली. जांभळाएवढी. भोवती लाल कडं. अंगठा आणि पहिलं बोट पूर्ण मिटत नाही. मॅडम म्हणाल्या, हे औषध आत राहून पेशी खात जातं, आठवड्यामागून आठवडे, म्हणून वरून कळत नाही. पुढची केमो थांबवली. कॅन्सर तर थांबत नाही.

मी साजियाला विचारलंच. विचारायचं नव्हतं. "सूज सुईपाशी न येता वर का आली? सुई तर पंजावर होती."

तिनं टेबलावर माझाच हात धरला. मग त्यावर बोटानं दाखवलं. "ताई, शीर वर चढत जाते ना. वर आधी एक भोक पडलेलं असलं आणि आपण खाली सुई टाकली, की औषध वर जाताना त्या भोकातून बाहेर पडतं. म्हणून चुकलं की नेहमी त्याच्या वर जायचं, नाही तर दुसऱ्या शिरेत."

"हात हलवल्यानं होतं का मग?"

"सुई सरकली असती तर सूज सुईपाशी आली असती," ती म्हणाली. आणि माझा हात सोडला.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. दाराशी उभी राहून बघितलं तेव्हापासून. बारा दिवस गप्प आहे. वेळ बघतेय. जानेवारीत इन्चार्ज नेमायच्या आदल्या दिवशी काढेल बाहेर. मी असते तर काढलं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

सर्जननी मेलेली कातडी काढली. मांडीची पातळ कातडी घेऊन लावली. ऑपरेशनला मी आत नव्हते, साजिया होती. मी बाहेर बाकावर बद्रीनाथशेजारी बसले होते. तो म्हणाला, "वेचणीला आलाय कापूस. हिच्याबिगर बाया येत न्हाईत वावरात, हिनं हाक मारली की येतात." पुढं म्हणाला, "मी लई बोललो तिला. हात हलवला म्हणून."

मला तेव्हा सांगता आलं असतं. शेजारीच होता. मी म्हटलं, "चहा घेता का?"

२४ डिसेंबर, बुधवार

पट्टी उघडली. कातडी धरलीय. एका कडेला थोडी सुटली, बाकी चांगली गुलाबी आहे. केशरबाई घरी गेल्या. बोटांचे व्यायाम साजियानं शिकवले. पीठ मळल्यासारखं करायचं, चेंडू दाबायचा.

दुपारी खुर्च्या रिकाम्या होत्या. साजिया म्हणाली, "ताई, तुम्ही माझा राग करता. मला समजतं."

मी म्हटलं, "असं काही नाही."

"मी पण करायचे. आल्यापासून बघून राह्यले, दर पेशंटचं एकच. बेबीताई कुठंय, बेबीताईला बोलवा. मी पुस्तकातलं सगळं बराबर करते आणि रग चुकते. घरी जाऊन अम्मीच्या हातावर बोटं ठेवून बघते. केशरबाईंना पण मी दोन्ही टायमाला पहिल्यांदा चुकले. त्यांच्या वरच्या शिरा माझ्यामुळं खराब झाल्या. तुम्हाला खालीच जागा राहिली ती माझ्यामुळं."

गोड बोलून काढून घ्यायचं काहीतरी असणार, असा विचार आला. पण काढून घ्यायला माझ्याकडं आता काय राहिलंय तेही समजेना. ती उठून सिरिंजा मोजायला गेली. मला वाटलं रडली असावी. पाठ होती माझ्याकडं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

नोटीस लागली. इन्चार्ज, साजिया.

तिनं काहीच बाहेर काढलेलं नाही. मी मॅडमच्या टेबलावर केशरबाईंची फाइल बघितली, फॉर्म तसाच आहे. "मला माहीत नाही." मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका. ती तर म्हणत होती तुम्हालाच करा, पेशंटचा तुमच्यावर विश्वास आहे."

विश्वास. तो शब्द ऐकून मला तिचा एवढा राग आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. ती चांगली वागली म्हणून राग. मला वाटतं ती वाईट वागली असती तर मी सुखी झाले असते.

मग बाहेर येऊन फाइल मागितली. जुन्या ओळीवर काट मारली नाही, तशी मारायची नसते. खाली आजची तारीख टाकून लिहिलं, "२८ नोव्हेंबरची नोंद चुकीची आहे. पेशंटने हात हलवला नव्हता. पहिली सुई चुकल्यावर मी तिच्या खाली दुसरी सुई टाकली. पेशंटने जळजळ होत असल्याचे सांगितले तरी मी औषध थांबवले नाही." सही, पूर्ण नाव.

मॅडमनी वाचलं. पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. मग म्हणाल्या, "व्यवस्थापनाला कळवावं लागेल, बेबीनंदा."

४ जानेवारी, रविवार

सकाळी निघाले. जालन्याहून जाफराबादची एसटी, पुढं जीप. ड्रेसिंगचं सामान पिशवीत घेतलं होतं, नाही तर कशाला आले ते सांगता आलं नसतं.

केशरबाई ओसरीवर बसल्या होत्या, चेंडू दाबत. बद्रीनाथ अंगणात कापसाची गाठोडी सारत होता. मला बघून दोघांनाही नवल वाटलं. पाणी दिलं. मी पाणी न पिताच सांगायला लागले, नाही तर पुन्हा चहावर गेलं असतं.

"मावशी, तुम्ही हात हलवला नव्हता. ती माझी चूक होती. तुम्ही चटचट करतंय म्हणालात, मी थांबले नाही. आणि फाइलमध्ये खोटं लिहिलं."

बद्रीनाथ गाठोडं सोडून उभा राहिला. "म्हंजी महिनाभर मी हिला..." एवढंच म्हणाला. मग माझ्यापुढं आला. "बाई, तुमी घरात आलाव म्हणून बोलत न्हाई. पण हिच्या हाताला परत सुई लावायची न्हाई तुमी. कवाच न्हाई." आणि वावराकडं निघून गेला. चपला न घालताच.

मी म्हटलं, त्यांचं बरोबर आहे. आता छातीत कातडीखाली पोर्ट म्हणून एक डबी बसवणार आहेत, औषध तिच्यातून जाईल, हाताला सुई लागणारच नाही.

केशरबाई चेंडू दाबत होत्या. म्हणाल्या, "मला ठावं होतं."

"कधीपासून?"

"त्या साजियाबाईनं सांगितलं. फोड आल्ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणली, मावशी, हात हलवून असं होत न्हाई, तुमची चूक न्हाई, मनातून काढा. मी इचारलं, मंग कुणाची? तर म्हणली, ते मला न्हाई ठावं."

"मग तुम्ही मला का नाही विचारलं? मी रोज पट्टी बदलत होते."

"इचारून काय करू," केशरबाई म्हणाल्या. "तुमी कवा सांगता ते बघून राह्यले व्हते."

अंगणात कोंबड्या कापसाच्या सरकीत टोचे मारत होत्या. मला तिथं बसून पहिला विचार काय आला ते लिहिते, कारण या वहीत खोटं लिहिणार नाही असं ठरवलंय. पहिला विचार लाजेचा नव्हता. साजिया इथंही माझ्या आधी पोचली, हा होता. महिनाभर मनातल्या मनात एक ओझं घेऊन फिरले, ते उतरवायला एवढ्या लांब आले, तर ते तिनं महिन्यापूर्वी दवाखान्यातच उतरवलं होतं, तेही माझं नाव न घेता.

दुसरा विचार लाजेचा होता. तो अजून गेलेला नाही.

मी उठायला लागले. केशरबाईंनी चेंडू बाजूला ठेवला आणि पट्टी बांधलेला हात माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"आलाव तर बांधून जा," म्हणाल्या. "आन हळू. तिथं अजून दुखतंय."

मी विचारलं, "कुठं?" आणि त्यांनी दाखवेपर्यंत पट्टीला हात लावला नाही.